किट बॅग चाकाची घ्यावी का खांद्यावरची? कोल्हापूरच्या रस्त्यांवर दोन्ही वापरून बघितल्यावर

निकाल आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. कोल्हापुरात राहून लेदर बॉल खेळताय आणि मैदानात टू व्हीलरवरून जाताय तर दोन पट्ट्यांची, पाठीवर अडकवायची डफल (मऊ कापडाची लांबट बॅग) घ्या, चाकाची घेऊ नका. बाहेरगावच्या मॅचेस जास्त असतील, रेल्वेनं नाहीतर कारनं जाणं-येणं असेल, किंवा विकेटकीपर असाल तर चाकाची बॅग पैसे वसूल करून देते. आणि घरातलं पोरगं १४ वर्षांच्या आतलं असेल तर बॅग कुठली हा प्रश्न नंतरचा, आधी बॅगेत काय काय कोंबलंय ते बघा. हे तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, त्यावर खाली मोकळेपणानं लिहिलंय.

माझी स्वतःची डफल आहे, दोन हजाराच्या आतली, बरीच वर्षं झाली, अजून ठणठणीत. थोरल्या भावानं पुतण्याला कॅम्पला घातल्यावर चाकाची बॅग घेतली, एका नावाजलेल्या ब्रँडची, साडेचार हजाराच्या आसपास. दिसायला नाद खुळा बॅग आहे, कप्पे एवढे की कुठं काय ठेवलं ते शोधावं लागतं, बॅटसाठी वेगळा कप्पा, बुटासाठी वेगळा, आत अस्तर चांगलं. मागच्या सीझनला आम्ही काका-पुतण्यांनी बॅगा अदलाबदल करून वापरल्या, नेटला, मॅचला, सांगली-पुण्याच्या दौऱ्याला, आणि त्यातनं जे कळलं ते इथं लिहितोय कारण दुकानात गेल्यावर कुणी हे सांगत नाही, तिथं गुळगुळीत फरशीवर बॅग ओढून दाखवतात आणि ती पळते पण झकास.

पहिल्यांदा वजनाचं बोलू. किराणा दुकानातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवून बघितली. बॅट ११८० ग्रॅम, दुसरी बॅट १२०० च्या आसपास. पॅड जोडी पावणेदोन किलोला थोडी कमी. हेल्मेट ९५० ग्रॅम. ग्लोव्हजच्या दोन जोड्या पाऊण किलो. थाय पॅड अर्धा किलो, स्पाइक ८०० ग्रॅम, आर्म गार्ड, सेंटर गार्ड, इनर, टेप, ग्रिप असलं किरकोळ सगळं मिळून ४०० ग्रॅम, कपडे आणि टॉवेल ८०० ग्रॅम. त्यात दोन लिटर पाणी आणि डबा धरला की बेरीज ११ किलोच्या घरात जाते. आता यात बॅगेचं वजन मिळवा. माझी डफल रिकामी १६०० ग्रॅम भरते आणि पुतण्याची चाकाची बॅग रिकामीच ४२०० ग्रॅम! म्हणजे आत काहीही न टाकता दोन बॅटींपेक्षा जास्त वजन तुम्ही नुसतं चाकं, खालची प्लास्टिकची पाटी आणि दांड्यापायी वाहताय. सपाट रस्त्यावर ते जाणवत नाही कारण जमीन ते पेलते, पण जिथं जिथं बॅग उचलावी लागते तिथं ती १५ किलोची होते, आणि कोल्हापुरात बॅग उचलायला लागत नाही अशी जागा मला तरी अजून घावलेली नाही.

मध्येच एक आठवलं म्हणून सांगतो. आपल्या कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८-४९ च्या रणजी सीझनला महाराष्ट्राकडनं काठियावाडविरुद्ध पुण्यात नाबाद ४४३ केले, ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमाला ९ रन कमी पडले आणि समोरच्या टीमनं पुढं खेळायलाच नकार दिला, हे तर आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही माहीत असायला पाहिजे. तर त्या काळात हेल्मेट नव्हतं, हेल्मेट क्रिकेटमध्ये रुळलं ते १९७७-७८ नंतर. आजच्या किटमधलं हेल्मेट, आर्म गार्ड, जाड थाय पॅड ही सगळी नंतरची भर आहे. ती भर पाहिजेच, त्यात वादच नाही, डोक्यापेक्षा काही मोठं नाही. पण वजन वाढलं हे खरं आणि खेळणाऱ्याचा खांदा तोच राहिला.

चाकाच्या बाजूनं सगळ्यात जोरात बोलणारा आमचा एक मित्र आहे. मूळचा इथलाच, शास्त्रीनगरला आमच्याबरोबर खेळलेला, आता पुण्यात नोकरीला असतो आणि तिकडं येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर गोल्फ खेळायला लागलाय. त्यांच्यात हाच वाद वर्षानुवर्षं चालतो म्हणे, बॅग खांद्यावर घेऊन चालायचं का तीनचाकी पुश कार्टवर ठेवून ढकलत न्यायची. त्यानं मला एका अभ्यासाचे आकडे पाठवले. २००८ च्या सुमारास अमेरिकेत डेन्व्हरला नील वोल्कॉडॉफ या क्रीडाशास्त्रज्ञानं ८ गोल्फ खेळणाऱ्यांना वेगवेगळ्या पद्धतीनं ९ होल, म्हणजे गोल्फचा अर्धा डाव, खेळायला लावले आणि मोजमाप घेतलं. बॅग खांद्यावर घेऊन चाललं तर ७२१ कॅलरी जळल्या, कार्ट ढकलत चाललं तर ७१८, कॅडीनं, म्हणजे बॅग उचलणाऱ्या मदतनिसानं, बॅग घेतली तर ६१३ आणि गाडीत बसून फिरलं तर ४११. म्हणजे खांद्यावर घेतली काय नि ढकलली काय, मेहनत जवळपास सारखीच. पण खेळात फरक पडला. कार्ट ढकलणाऱ्यांचा सरासरी स्कोअर ४० आणि खांद्यावर नेणाऱ्यांचा ४५, आणि गोल्फमध्ये कमी स्कोअर म्हणजे चांगला. कारण समजण्यासारखं आहे, चढावर ओझं घेऊन गेला की दम लागतो, पाय भरून येतात आणि लगेच त्याच अंगानं नाजूक शॉट मारायचा असतो. आठच माणसांवरचा अभ्यास आहे, त्यामुळं अगदी दगडावरची रेघ समजू नका, पण मुद्दा पटण्यासारखा आहे.

मित्र म्हणाला बघ, चाकंच भारी. मी बराच विचार केला यावर, आणि माझं उत्तर असं आहे की गोल्फचं गणित आपल्या किट बॅगेला लागू होत नाही. गोल्फवाला बॅग घेऊन खेळताखेळता चालतो, १८ होलला आठेक किलोमीटर सहज होतात, म्हणजे बॅग वाहणं हा खेळाचाच भाग झाला. आपण बॅग वाहतो ती खेळाच्या आधी आणि नंतर, गाडी लावल्यापासनं मंडपापर्यंत दोनतीनशे मीटर, नंतर ती दिवसभर खुर्चीमागं पडून असते. दुसरं म्हणजे त्यांची कार्ट चालते कापलेल्या गवतावर, चाकं मोठी, तीन असतात, आणि ती समोर ठेवून दोन्ही हातांनी ढकलायची असते त्यामुळं अंग वाकडं होत नाही. आपल्या बॅगेला खाली दोन चाकं, ती पण मुठीएवढी, आणि एका हातानं मागनं ओढायची, म्हणजे एक खांदा कायम मागं खेचलेला. नाव चाकाचंच पण वस्तू वेगळी. आणखी एक त्यांच्याकडनं घेण्यासारखं मला दिसलं. गोल्फच्या नियमात १४ पेक्षा जास्त क्लब, म्हणजे खेळायच्या काठ्या, बॅगेत ठेवता येत नाहीत, अमेरिकेत १९३८ पासनं तसा नियम आहे, त्याआधी काही खेळाडू पंचवीस-तीस क्लब घेऊन हिंडायचे. क्रिकेटमध्ये बॅटच्या लांबी-रुंदीला नियम आहे पण बॅगेत किती बॅटी ठेवायच्या याला नाही, त्यामुळं आपली बॅग फुगतच जाते. बारा वर्षांच्या पोराच्या बॅगेत तीन तीन बॅटी मी बघितल्यात.

आता मुख्य विषय, म्हणजे गाडी. पुण्या-मुंबईचे रिव्ह्यू वाचून बॅग घेणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. आपल्याकडं नेटला जाणारी निम्मीअर्धी पोरं ॲक्टिव्हावर बापाच्या मागं नाहीतर स्प्लेंडरवर दोघं दोघं येतात. डफल पाठीवर घट्ट बांधून मागं बसलं की विषय संपला. बॅटची मूठ डोक्याच्या वर थोडी येते एवढंच, झाडाच्या फांदीखालनं जाताना जरा बघायचं. चाकाची बॅग मात्र पाठीवर नीट बसत नाही. पट्टे दिलेले असतात पण ते उगाच नावाला, खालची कडक पाटी नेमकी कमरेच्या मणक्यावर टोचते आणि चाकं मागं बसलेल्याच्या ढुंगणाखाली येतात. स्कूटरच्या पायाजवळ उभी ठेवली तर हँडल वळवताना आडवी येते. दोघांच्या मध्ये आडवी ठेवली तर दोन्ही बाजूला हातभर बाहेर. बॅग जवळपास मीटरभर लांब असते हे लक्षात घ्या, आणि राजारामपुरीच्या गल्लीतनं संध्याकाळी सहाला असली आडवी बॅग घेऊन जाणं म्हणजे स्वतःला पण धोका आणि शेजारनं जाणाऱ्याला पण. भाऊ पहिले काही दिवस तशी न्यायचा, मग त्यानं सरळ रिक्षा सुरू केली. महिन्याचं रिक्षाचं भाडं धरलं तर बॅगेची खरी किंमत कुठल्या कुठं जाते! केएमटीत तर गर्दीच्या वेळी चाकाची बॅग घेऊन चढणं म्हणजे सगळ्या बसची बोलणी खाणं.

मैदानांचं सांगायचं तर प्रत्येक ठिकाणी वेगळा अनुभव. शास्त्रीनगर मैदानावर आत गेल्यावर बाऊंड्रीच्या कडेनं चालत जायचं असतं, तिथं कोरडं असेल तर चाकं बऱ्यापैकी फिरतात, पण खडी आली की चाकाच्या आणि बॅगेच्या मध्ये खडा अडकतो आणि एक चाक फिरायचं थांबतं, मग ती बॅग एका बाजूला फरफटत येते आणि त्या बाजूचं कापड घासून जातं. मेरी वेदरला उन्हाळ्यात धूळ एवढी की बेअरिंगमध्ये गेली की करकर आवाज सुरू. गांधी मैदानाचं तर पावसाळ्यात आणि नंतर काही दिवस काय होतं ते पेठेतल्या माणसाला सांगायला नको, तिथं चाकं हा विषयच नाही, बॅग डोक्यावर घ्यायची वेळ येते. विद्यापीठाच्या बाजूला डांबरी रस्ता चांगला आहे, तिथं मात्र चाकाची बॅग एका बोटानं ओढत नेता येते आणि त्या वेळी मला खरंच वाटलं की हे सुख आहे. पण ते सुख शंभर-दोनशे मीटरचं. पुढं दुभाजक, गटारीवरची फरशी, पायऱ्या, गेटची उंबऱ्यासारखी लोखंडी पट्टी, सगळीकडं उचल-ठेव, उचल-ठेव. आणि मूठ एका टोकाला असल्यामुळं उचलताना वजन लोंबकळतं, मनगटावर येतं. मॅचच्या आधी मनगट आणि बोटांची पकड थकवणं बॅटिंग करणाऱ्याला परवडत नाही, स्पिनरला तर अजिबातच नाही.

उंच माणसाला आणखी एक त्रास. या बॅगांचा दांडा आखूड असतो, ओढताना बॅगेची कड टाचेवर आपटते. माझी उंची पावणेसहा फूट आहे, मला अर्धं वाकून ओढावी लागते. पुतण्याला तेवढा त्रास नाही. चाकाची घ्यायचीच असेल तर दुकानात भरलेली बॅग ओढून बघा, रिकामी नको, आणि दहा पावलं नीट आपल्या चालीनं चाला, टाच लागते का ते तिथंच कळतं. भरताना जड सामान, म्हणजे पॅड, बूट, पाण्याची बाटली, चाकाच्या बाजूला ठेवा आणि हलकं मुठीकडं. तसं केलं की हातावर येणारा भार खूपच कमी होतो कारण बराचसा चाकच घेतं. पुतण्याच्या कॅम्पमधली बरीच पोरं बरोबर उलटं भरतात, हेल्मेट-पाणी सगळं वरच्या बाजूला, आणि मग म्हणतात चाक असूनपण हात दुखतो.

पावसाचं आणि ओलीचं वेगळं सांगतो कारण इथं हजारोंचं नुकसान होतं. चाकाच्या बॅगेत बॅट उभी जाते आणि आमच्या बॅगेत तिचा तळ, म्हणजे जमिनीला टेकणारं टोक, नेमकं चाकाकडं येतं. ओल्या रस्त्यावर चाक पाणी उडवतं ते थेट त्या कोपऱ्यावर. विलो लाकूड तळातनं पाणी ओढून घेतं, फुगतं, आणि मग तिथनं चिरायला सुरुवात होते. इंग्लिश विलोची बॅट आज किती हजारांना मिळते ते सगळ्यांना माहीत आहे. पुतण्याच्या बॅटला आता टो गार्ड, म्हणजे तळाला चिकटवायची संरक्षक पट्टी, लावलाय आणि तळाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून मगच कप्प्यात घालतो. तुम्ही पण हे करा, बॅग कुठलीही असू दे. डफलला हा त्रास कमी कारण ती जमिनीपासनं वर असते, पण डफलचं कापड पातळ, वरनं मुसळधार आला की आत ओल येतेच, त्यासाठी गाडीच्या डिकीत एक मोठी प्लास्टिकची पिशवी ठेवायची. आणि घामट पॅड-ग्लोव्हज बॅगेत कोंडून ठेवू नका, आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवाच अशी असते की आठवडाभर बंद राहिलेल्या बॅगेत बुरशी आलीच म्हणून समजा. चाकाच्या बॅगेचे कप्पे जास्त आणि हवा खेळायला जागा कमी, तिच्यात वास लवकर धरतो हा माझा अनुभव.

टिकाऊपणात तर डफल सरळ जिंकते आणि त्याचं कारण आपलं गावच आहे. चामडं आणि शिलाई यात कोल्हापूरचा हात धरणारं कोण आहे. माझ्या डफलचा एक पट्टा मुळातनं उसवला तेव्हा सुभाषनगरकडच्या एका चप्पल करणाऱ्या मामांकडं घेऊन गेलो. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "आरं, ह्यो कंपनीचा दोरा हाय, ह्याला काय जीव न्हाई." आतनं चामड्याचा चौकोनी तुकडा लावला, मेणाच्या दोऱ्यानं चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई मारली, दीडशे रुपये घेतले. आता बॅग फाटेल पण तो पट्टा निघणार नाही. चाकाच्या बॅगेचं चाक तुटलं तेव्हा मात्र तसलं चाक आख्ख्या गावात मिळालं नाही. चाक रिव्हेटनं ठोकलेलं, बोल्ट नाही, त्यामुळं काढताना पाटीच तडकली. शेवटी प्रवासी बॅगांची दुरुस्ती करणाऱ्यानं दुसऱ्याच बॅगेची चाकं बसवून दिली, पाचशे रुपये गेले आणि एक चाक किंचित मोठं आहे. कंपनीला विचारलं तर चाकं वॉरंटीत येत नाहीत म्हणाले. नवी चाकाची बॅग घेणाऱ्यांनी एवढं तरी बघावं, चाक बोल्टनं बसवलंय का रिव्हेटनं. बोल्ट असेल तर बिनधास्त घ्या, निदान बदलता तरी येईल.

मग चाकाची बॅग कुणासाठी? तर दौऱ्यासाठी. पुण्याला मॅच होती, रात्रीच्या गाडीनं जायचं होतं, स्टेशनवर प्लॅटफॉर्म लांबलचक आणि आमचा डबा नेमका टोकाला. त्या दिवशी किटबरोबर दोन दिवसांचे कपडे, अंथरूण, भडंग-फराळाच्या पिशव्या, सगळं त्या एका बॅगेत गेलं आणि सिमेंटच्या प्लॅटफॉर्मवर ती आरामात आली. डफलवाले भिडू एका खांद्यावर बॅग, दुसऱ्या हातात पिशवी, बोटं लाल. तिकडं उतरल्यावर पण मोठ्या स्टेडियमला आत सगळीकडं फरशी, रॅम्प, तिथं चाकं हवीतच. कारच्या डिकीत टाकून जाणाऱ्यांना पण काही अडचण नाही. कीपरचं सामान मुळातच जास्त, ग्लोव्हज वेगळे, त्याचे इनर वेगळे, पॅड वेगळे, डफलमध्ये चेन लागत नाही, ओढून ओढून चेनचा रनर निघून येतो, त्याला चाकाची शोभते. आणि टीमची कॉमन किट बॅग असेल, स्टंप, बॉलचे डबे, चारचार हेल्मेट, ती चाकाचीच पाहिजे, ती खांद्यावर न्यायला लावणं म्हणजे टीममधल्या सगळ्यात लहान पोरावर अन्याय आहे, कारण ती शेवटी त्याच्याच गळ्यात पडते.

आता लहान पोरांचं. हे लिहायचं म्हणूनच खरं तर मी बसलो. केंद्र सरकारच्या २०२० च्या धोरणात शाळेच्या दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको असं सांगितलंय. पुतण्याचं वजन ३८ किलो, त्याचे १० टक्के म्हणजे ३८०० ग्रॅम. त्याची चाकाची बॅग रिकामीच त्याच्या वर जाते, आणि भरलेलं किट तर तिप्पट. धोरण दप्तराचं आहे, किट बॅगेचं नाही, पण खांदा आणि मणका तर तोच आहे ना. त्यात वाढत्या वयातल्या फास्ट बॉलरना कमरेच्या मणक्याच्या स्ट्रेस फ्रॅक्चरचा धोका असतो, हे कुठलाही चांगला कोच सांगेल, म्हणून तर लहान पोरांच्या ओव्हर मोजून देतात. ओव्हर मोजायच्या आणि त्याच पोराला एका खांद्यावर १२ किलो लटकवून दोन किलोमीटर चालवायचं, हे मला बघवत नाही. कागल, हातकणंगले बाजूनं एसटीनं येणाऱ्या मुली मी बघतो, सकाळी सहाच्या गाडीनं निघालेल्या, एका खांद्यावर किट आणि दुसऱ्यावर दप्तर. आपल्या अनुजा पाटीलनं २०१२ ला भारताची टोपी घातली, तिच्याकडं बघून या पोरी येतात, त्यांच्या पाठीची काळजी आपण मोठ्यांनीच घ्यायला पाहिजे.

आम्ही पुतण्याचं काय केलं ते सांगतो. बॅट एकच, दुसरी घरी. पाणी मैदानावर भरायचं, बाटली रिकामी न्यायची, दोन किलो तिथंच गेले. ग्लोव्हजची एक जोडी, दुसरी फक्त मॅचला. पॅड हलके घेतले, पोरांच्या साइजचे, कारण "वाढता आहे म्हणून मोठे घेऊ" असं आपण कपड्यांत करतो तसं पॅडमध्ये केलं तर वजन पण वाढतं आणि पळताना पण अडतात. हेल्मेट बॅगेत आत, बाहेर लटकवायचं नाही, लोंबकळलं की ते खांदा मागं ओढतं आणि त्याची जाळी कुणाच्यातरी हँडलला अडकते. दोन्ही पट्टे घालायचे, सैल नाही, बॅग पाठीला चिकटून आणि कमरेच्या वर. या सगळ्यानं नेटच्या दिवशी त्याची बॅग आता डफलसकट बरीच हलकी असते. १० टक्क्यांत बसत नाही हे मान्य, पण आधीपेक्षा कितीतरी कमी आहे आणि मागं ॲक्टिव्हावर बसून येतो, चालणं थोडंच. नेटवर कोचनी विचारलं की दुसरी बॅट कुठाय तर मीच सांगतो की घरी ठेवलीय, त्यात काही बिघडत नाही. ज्या अकॅडमीत जागा आहे तिथं पोरांचे पॅड-हेल्मेट ठेवायला एक साधं कपाट करून दिलं तर हा प्रश्नच राहणार नाही. आमच्या तालमीतल्या फुटबॉलवाल्या पोरांचं बघा, शाहू स्टेडियमला एका हातात बूट घेऊन येतात आणि खेळून जातात, आपल्या खेळाचं सामान जास्त आहे तर सोय पण जास्त करायला पाहिजे.

रेटिंग द्यायचं तर माझ्या दोन पट्ट्यांच्या डफलला ५ पैकी साडेचार, अर्धा कमी कारण कापड पातळ आहे आणि बुटाचा कप्पा मुख्य कप्प्याला लागूनच आहे, मातीचे स्पाइक घातले की कपडे मळतात. चाकाच्या बॅगेला कोल्हापुरातल्या वापरासाठी अडीच, दौऱ्यासाठी चार. एका पट्ट्याची जुन्या पद्धतीची लांब बॅग अजून काही दुकानांत मिळते, स्वस्त असते, ती मात्र घेऊ नका, कुणालाच नको, शरीर एका बाजूला झुकवते.

घ्यायला जाताना स्वतःची बॅट बरोबर न्या आणि आत घालून चेन लावून बघा. नेहमीची शॉर्ट हँडल ८५ सेंटिमीटरच्या आसपास असते, लाँग हँडल वापरत असाल तर काही डफलमध्ये मूठ बाहेर राहते आणि चेन अर्धीच लागते. पट्टा चार बोटं रुंद आणि आतनं गादीचा असावा, पट्टा जिथं बॅगेला जोडलाय तिथं चौकोनात फुली अशी शिलाई आहे का ते बघा, नसेल तर नवी बॅग घेऊन आधी सुभाषनगरला जा आणि मारून घ्या. आणि शक्यतो ऑक्टोबरला सीझन सुरू व्हायच्या आधी घ्या, ऐन हंगामात चांगल्या डफल संपलेल्या असतात आणि दुकानदार चाकाचीच पुढं करतो.